कामाला लावा, पण कुठल्या?

भिवंडी–वाडा रस्त्यावरचे शेठ, ठेकेदार, भट्टीमालक, गोदामांचे मॅनेजर, मुकादम आणि दिघाशी परिसरातल्या ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांस,



व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना काढून माणूस गावी परततो आणि चार-पाच दिवसांत घरचं कुणीतरी तुमच्या दारात उभं राहतं. बहुतेक वेळा आई किंवा बायको. बोलायला चुलत्याला पुढे घातलेलं असतं. ‘शेठ, सुटलीय आता त्याची. काहीही काम द्या, पण घरी बसवू नका.’ हंगामाचे दिवस असले की तुम्हीही फार ताणत नाही. गोदामात रात्रपाळीला माणूस कमी असतो, भट्टीवर विटा थापायला जोडी हवी असते, टेम्पोला क्लीनर हवा असतो. लावून टाकता. दोन महिन्यांनी तोच माणूस नाक्यावर झिंगलेला दिसतो आणि गाव एका सुरात म्हणतं, ‘कामाला लावून पाहिलं, तरी सुधारला नाही.’

हे पत्र त्या दोन महिन्यांबद्दल आहे. त्या काळात त्याने काय केलं, ते गावाला पाठ असतं. त्याला कुठल्या कामावर, कुठल्या पाळीला आणि कसल्या पगारावर लावलं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

दिघाशीच्या आसपास कामाला तोटा नाही. भिवंडीकडे तोंड केलं की यंत्रमाग आणि नजर पोहोचेल तिथवर गोदामं. वाड्याकडे वळलं की कुडूसपासून पुढे कारखाने. मधल्या पट्ट्यात भात निघाला की वीटभट्ट्या लागतात. व्यसनातून नुकत्याच उठलेल्या माणसाला इथे काम मिळतं, आणि लवकर मिळतं. घोळ असा की जे काम सगळ्यांत लवकर मिळतं, तेच बहुधा त्याच्यासाठी सगळ्यांत वाईट असतं: रात्रीचं, उचलीचं, रोख पैशाचं, एकट्याने करायचं किंवा पिणाऱ्यांच्या टोळीतलं.

आधी शरीराचं पाहू. दारू बंद केल्यावरची थरथर, घाम, काहींना पहिल्या दोन दिवसांत येणारी फीट, हे सगळं केंद्रात उरकलेलं असतं. घरी परतलेल्या माणसाचे हात स्थिर असतात, चेहरा भरलेला असतो, म्हणून तो ठणठणीत वाटतो. झोप मात्र लवकर रुळावर येत नाही. दारू सोडल्यावर कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने ती तुटक राहते. लक्ष टिकत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून डोकं फिरतं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात चार धोके पेशंटकडून अक्षरशः घोकून घेतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी वाढलं तरी तलफ जागी होते, दोन-तीन एकत्र आले तर स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, व्हायला निमित्त लागत नाही.

आता गोदामातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. डबा नऊला संपलेला, पहाटे दोनला पोटात आग. सेलचा हंगाम म्हणून पिकिंगचा आकडा वाढवलेला, सुपरवायझर मागून ओरडतोय. रॅकच्या लांबलचक गल्लीत हातात स्कॅनर घेऊन माणूस एकटा. आणि आठ तासांचे बारा झालेले. चारही धोके एकाच पाळीत, वर ओव्हरटाइमसकट. सकाळी ठेकेदाराच्या गाडीने तो नाक्यावर उतरतो तेव्हा घरातली माणसं कामावर निघून गेलेली असतात आणि दिवसभर झोप न लागणारा एक माणूस मोकळा असतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात तिथे हाच हिशोब, शिवाय धोट्याजवळ हात आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट.

त्याला पहिले सहा महिने दिवसपाळी द्या, एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं. यात उपकार काही नाही. नवा माणूस रात्रीला टाकायचा आणि जुन्याला दिवस द्यायचा, ही गोदामातली रीत आहे, कायदा नव्हे.

दुसरी गोष्ट गोळीची. दारू सुटलेल्या काही जणांना डॉक्टर डायसल्फिराम देतात. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. कधी प्रकरण जिवावरही बेततं. स्पिरिटची वाफ नाकात गेली तरी काहींना त्रास होतो. त्यामुळे फर्निचरला स्पिरिट पॉलिश मारण्याचं काम अशा माणसाला देऊ नये, आणि थिनरचा वास रंगकामातही असतोच. गोळी घेणाऱ्याला हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तो तुम्हाला सांगत नाही, कारण गोळीचं सांगितलं तर दारूचंही सांगावं लागतं. औषधांची गुंगी असेल तोवर फोर्कलिफ्ट, उंचावरचं काम आणि गाडी चालवणंही नकोच. लांब पल्ल्याचा ट्रक तर मुळीच नको: रात्र, एकटेपणा आणि ढाबे.

टाळायची बाकी कामं इथलं कुणीही ओळखेल. परमिट रूम, ढाबा, केटरिंग. आगरी-कोळी पट्ट्यातल्या हळदीच्या रात्री काय वाहतं, ते वेगळं सांगायला नको. तिथे मांडव घालणारा, जेवण वाढणारा, बँजोवाल्यांबरोबर सामान उचलणारा माणूस पहाटेपर्यंत कोरडा राहील, ही अपेक्षाच कठोर आहे. लग्नसराईत या कामाला पैसा बरा मिळतो, म्हणून घरचेही पाठवतात.

आता भट्टी. इथे थोडं सविस्तर, कारण भट्टीवरचा पैशाचा व्यवहारच दारूच्या सोयीचा आहे.

पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल दिली जाते. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन भट्टीवर येतात. मजुरी हजार विटांच्या हिशोबाने, आणि तो हिशोब हंगाम संपल्यावर. तोवर दर आठवड्याला खर्ची. बाजाराच्या दिवशी वही उघडते, कुटुंबाच्या नावापुढे आकडा पडतो आणि नोटा पुरुषाच्या हातात जातात. विटा थापताना बाईचे हात तेवढेच चिखलात असतात, पण वहीत नाव त्याचं. बाजाराला जाणाऱ्या वाटेवर हातभट्टीचं ठिकाण कुठे आहे, हे मालकाला, मुकादमाला आणि पोलिसाला सारखंच माहीत असतं. केंद्रातून आलेल्या माणसाला या चक्रात बसवायचं म्हणजे आधी एकगठ्ठा रक्कम हातात द्यायची, मग सहा महिने जागा सोडायची मुभा नाही, आणि दर आठवड्याला ठरल्या दिवशी रोख परीक्षा. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. श्रमजीवी संघटनेची वेठबिगारीविरुद्धची चळवळ १९८२ पासून ज्या परिसरात उभी राहिली, तिथल्या भट्टीमालकांना तो कायदा समजावून सांगण्याची गरज नसावी.

मजुरी देण्याची जागा आणि पिण्याची जागा यांचं नातं इथल्यापुरतं नाही, आजचंही नाही. इंग्लंडमध्ये मजुरांचा पगार दारूच्या गुत्त्यात वाटायची पद्धत होती. ती मोडायला १८८३ साली पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षमळ्यांवरच्या मजुरांना मजुरीचा एक भाग म्हणून वाइनच देत असत.

आणि या जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास त्याहून बोलका आहे. १९२२ साली पालघरकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून निघालेली देवीची लाट जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांतून थेट दक्षिण गुजरातेत पोहोचली. अंगात आलेली देवी सांगे: दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर पुस्तक लिहिलं आहे. गुजरातच्या बाजूला देवीच्या आज्ञांत आणखी एक भर पडली: पारशी दारूवाल्यांकडे आणि जमीनदारांकडे कामाला जायचं नाही. कारण उघड होतं. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर दारूचा धंदा ठेकेदारांच्या हाती एकवटला होता, आणि बऱ्याच ठिकाणी दारू विकणारा, कर्ज देणारा आणि शेतावर राबवणारा माणूस एकच होता. प्यायचं सोडायचं तर मालकही सोडावा लागणार, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. आज आपण माणसाला केंद्रात पाठवतो, हजारो रुपये भरतो आणि परत आल्यावर त्याच भट्टीवर, त्याच टोळीत, त्याच खर्चीवर बसवतो.

ग्रामपंचायतीकडे याला एक उत्तर पडून आहे, आणि त्याकडे या नजरेने फारसं कुणी पाहिलेलं नाही. रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशाने तो धागा उचलला. योजनेचा हेतू व्यसनमुक्ती हा अजिबात नव्हता. पण कामाचं स्वरूप पाहा: दिवसाचं, गावाजवळचं, गटाने करायचं, उचल नाही, मजुरी बँक खात्यात. व्यसनातून उठणाऱ्या माणसासाठी काम कसं असावं, हे एखाद्या समुपदेशकाला विचारलं तर तो जवळजवळ हीच यादी देईल. उणिवा आहेत. मजुरी रखडते, कामं वेळेवर निघत नाहीत, आणि गोदामाच्या तुलनेत पैसा कमी. पण पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी पैसा थोडा कमी असणं हे इतकं मोठं संकट नाही. ग्रामरोजगार सेवकाने अशा घरांकडून कामाच्या मागणीचा अर्ज आपणहून भरून घेतला, तर बाजारातला सगळ्यांत वाईट पर्याय पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागणार नाही.

‘अशा लोकांना कामावर ठेवायचं म्हणजे धोका,’ असं तुमच्यातले काही जण म्हणतात. मग महाराष्ट्रातलंच एक जुनं उदाहरण घ्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. गर्द या नशेच्या विळख्यावरचं अनिल अवचटांचं लेखन, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी, आणि डॉ. अनिता अवचट यांचं रोजचं राबणं, यातून ते उभं राहिलं. डॉ. अनिता यांनी पहिल्या काही वर्षांतच एक पायंडा पाडला: बरे झालेले पेशंट कामावर घ्यायचे. हातात किल्ल्या आणि हिशोब द्यायचे. १९९७ साली त्या गेल्या, पायंडा राहिला. आजही तिथल्या समुपदेशकांत आणि कर्मचाऱ्यांत एकेकाळचे पेशंट आहेत. ही माणसं एका छपराखाली, वेळेवर उठून, सोबतीने काम करत होती आणि घसरू लागली तर ओळखणारी माणसं शेजारीच होती. धोका कमी झाला तो या मांडणीमुळे.

याच मुक्तांगणमधून राहुल जाधवची गोष्ट बाहेर आली. मुंबईच्या गुन्हेगारी टोळीसाठी काम केलेला, तुरुंग पाहिलेला हा तरुण तिथे उपचार घेऊन पुढे तिथेच समुपदेशक झाला, मॅरेथॉन धावू लागला आणि २०१९ मध्ये गेटवे ऑफ इंडियापासून दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत धावत गेला. गोष्ट खरी आणि जबरदस्त आहे. तिचा एक दुष्परिणाम मात्र होतो. लोकांना वाटू लागतं की सुधारलेला माणूस असा असतो, डोळे दिपवणारा. मग गावात कुणी महिनाभर दारूला शिवला नाही की ग्रामसभेत शाल-नारळ देऊन सत्कार, व्हॉट्सॲपवर फोटो. त्या माणसाच्या डोक्यावर किती ओझं टाकलं, याची सत्कार करणाऱ्यांना कल्पना नसते. स्लिप झाली तर आता गावभर तोंड लपवावं लागणार, आणि तोंड लपवायची जागा ठरलेली असते. त्याला हार नकोत. नऊला हजेरी आणि सहाला सुटी हवी.

नुसत्या नोकरीने काय होतं आणि काय होत नाही, याचा शोध अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या केनेथ सिल्व्हरमन यांनी १९९० च्या दशकापासून घेतला. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बेरोजगारांना त्यांनी पगारी काम दिलं. काहींना अट घातली की लघवीच्या तपासणीत नशा सापडली तर त्या दिवशी काम नाही किंवा पगारात घट. काहींना अट नव्हती. अट असलेले लोक नशेपासून जास्त दूर राहिले. काम दोघांनाही होतं, पगार दोघांनाही होता. फरक त्या कामाच्या चौकटीने पाडला. ही गोष्ट वाचून उद्या कुणी ठेकेदाराने गेटवर बाटल्या घेऊन उभं राहू नये. तो प्रयोग संशोधकांच्या देखरेखीखाली, संमतीने चाललेला होता आणि भिवंडीच्या ठेकेदारीत त्याचं पहिलं रूप हे मजुरी कापण्याचं नवं निमित्त असेल.

कामावर घेताना विचारलं जातं, ‘मधलं वर्ष काय करत होतास?’ ‘आजारी होतो, उपचार घेतले,’ हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकार आजाराच्या व्याख्येत धरले आहेत, आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही दिला आहे. तुमच्या स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं ते कामावर नशेत असणं. पूर्वी कधी प्यायचा, हे त्यात येत नाही. मुकादमाला सगळं सांगायलाच हवं असंही नाही. कामावरच्या एकाच भरवशाच्या माणसाला माहीत असलं तर पुरे. टोळीतल्या दहा जणांना कळलं की अकरावा ‘एक घोट घेऊन दाखव’ म्हणतोच.

मग फॉलोअप. दिघाशीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे रक्तदाब पाहतील, चिठ्ठी देतील. मानसोपचारतज्ज्ञासाठी मात्र बहुतेकदा ठाणे गाठावं लागतं: प्रादेशिक मनोरुग्णालय, किंवा डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. एसटी, मग रिक्षा, मग पुन्हा बस. दिवस मोडतो. हा दिवस बिनपगारी गेला की तिसऱ्या वेळी माणूस जात नाही, आणि औषध संपल्याचं घरी बोलत नाही. आठवड्याची सुटी फिरती न ठेवता एक वार ठरवून दिलात, तर तो व्यसनमुक्ती गटाची मीटिंगही गाठेल आणि डॉक्टरही.

उपचारांचा हा आधार किती दुर्मीळ आहे, त्याचा एक आकडा द्यायला हवा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. भरती होऊन उपचार मिळणारा १८० मध्ये एक. तुमच्या दारात आलेला तो १८० मधला एक असतो. त्याला रात्रपाळीला टाकून वाया घालवणं महागाचं आहे.

तरीही स्लिप होईल. सगळ्यांची होते असं नाही, पण बऱ्याच जणांची होते, आणि त्या दिवशी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर दोनच गोष्टी घडतात: शिव्या घालून हाकलणं किंवा ‘जाऊ दे, चांगला कामगार आहे’ म्हणत मशीनवर उभं करणं. दुसरं जास्त घातक. वास आला तर त्याला मशीनपासून बाजूला काढा, एकट्याला गाडीवर बसवून पाठवू नका, घरी फोन करा, त्याच्या केंद्राला कळवा आणि परत कधी यायचं तो वार सांगून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. दोन्ही नंबर हजेरीच्या टेबलावर चिकटवायला खर्च नाही. तीन-चारदा हेच झालं, चोरी झाली, कुणाला इजा झाली, तर काढा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९६ ची आचारसंहिताही मालकाचा शिस्तीचा अधिकार काढून घेत नाही. व्यसनाकडे आधी आजार म्हणून पाहा, उपचार घेणाऱ्याची नोकरी राखा, एवढंच ती सांगते.

कॅलेंडरवर काही तारखा आत्ताच खूण करून ठेवता येतील. गटारी, खंडेनवमीची मशीनपूजा, होळी, एकतीस डिसेंबर. या दिवशी कंपनीच्या खर्चाने पार्टी होत असेल तर तिथे त्याला बोलवू नका, आणि बोलावलं नाही म्हणून त्याची चेष्टा होणार नाही हेही पाहा. त्या संध्याकाळी त्याला घरी लवकर सोडण्यापेक्षा सहापर्यंत कामात ठेवून कुणाबरोबर तरी घरापर्यंत पोहोचवणं शहाणपणाचं.

आणि पगार. उचल नको, अगदी तो मागत असला तरी. घरात खरीच नड असेल तर किराण्याचं किंवा शाळेचं बिल थेट भरा. मजुरी त्याच्याच खात्यात गेली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, पण त्याची तयारी असेल तर त्याच दिवशी ठरलेला हिस्सा बायकोच्या किंवा आईच्या खात्यात वळवण्याची सोय बँकेत एका अर्जाने होते. भट्टीवर जोडीने काम असेल तर वहीत दोन नावं लिहा आणि खर्ची दोघांच्या हातात वेगवेगळी ठेवा. १९३६ च्या वेतन कायद्याने लहान आस्थापनांना सात तारखेची मुदत घालून दिली आणि हिशोब त्याच सवयीने चालत आला आहे. मुदतीच्या आधी पगार देण्याला कायद्याची हरकत कधीच नव्हती. सात तारीख सुटीच्या तोंडावर शनिवारी येत असेल तर त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी पगार काढता येईल का, हे आपल्या हिशोबनिसाला एकदा विचारून पाहा.